मागणं

म्हाताऱ्याच्या दंडाला तिनं पट्टा आवळला, "मूठ मिटा, काका" म्हणाली आणि कोपराच्या खोबणीत बोटानं शीर चाचपत असतानाच ॲप्रनच्या खिशातला फोन थरथरला. एरवी तिनं तो वाजू दिला असता. रक्त घेताना फोन घ्यायचा नाही हा लॅबचा नियम होता, आणि इतकी वर्षं तिनं तो मोडलाही नव्हता; पण विमा कंपनीच्या फोनची ती आठवडाभर वाट बघत होती, आणि त्यांचा फोन चुकला की परत नंबर लावायचा म्हणजे वाजंत्री ऐकत बसणं. तिनं फोन कान आणि खांद्यामध्ये दाबला. पलीकडे एक मुलगी होती, नवीनच लागलेली असावी, सर्दीनं नाक चोंदलेली. म्हणाली, "मॅडम, तुमच्या अर्जात एक रकाना रिकामा राहिलाय. अपेक्षित कालावधी." "म्हणजे?" "म्हणजे पेशंट बरा कधी होणार." सुई एव्हाना कातडीला टेकलेली होती. "पेशंट म्हणजे माझी मुलगी," ती म्हणाली. "हो मॅडम. त्याच. त्या बऱ्या कधी होणार? साधारण लिहिलं तरी चालेल." चार वर्षांच्या पोरीला अहोजाहो ऐकून तिला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "अहो, ती आजारी नाहीये," ती म्हणाली. पलीकडच्या मुलीनं नाक ओढलं आणि ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली, "मग मॅडम, थेरपी कशासाठी?" त्याच क्षणी सुई शिरली ती शिरेच्या बाजूनं. नळीत काहीच आलं नाही. म्हातारा "आई गं" म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून लगेच, "असू दे, बाई. दुसरा हात आहे की."

त्या दिवशी ती पुढच्या सगळ्यांच्या शिरा नीट सापडल्यासारखी वागली, पण बोटांवरचा विश्वास उडाला होता. थेरपी कशासाठी? प्रश्न मूर्खपणाचा होता आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते रकान्यात मावणारं नव्हतं. मुलीला घरात भिंगरी म्हणत. दीड वर्षाची असताना ती स्वयंपाकघराच्या फरशीवर डब्याचं झाकण फिरवायची, ते थांबेपर्यंत त्याच्याकडे बघायची, परत फिरवायची, आणि नवरा कामावरून आल्यावर बूटसुद्धा न काढता तिच्याशेजारी बसून दुसरं झाकण फिरवायचा. तो लिफ्ट दुरुस्त करतो. फिरणाऱ्या गोष्टींचं त्याला उपजतच कौतुक. "माझ्यावर गेलीय भिंगरी," म्हणायचा. नाव तसंच चिकटलं. मग तपासणी झाली, अहवाल आला, आणि त्यात पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं की वस्तू सतत गोल फिरवते. लाडानं ठेवलेलं नाव असं छापील कागदावर लक्षण होऊन समोर आलं तेव्हा नवऱ्यानं अहवालाची घडी घालून खिशात टाकली, आणि त्या संध्याकाळी पोरीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली. तिनं अर्थातच वळून बघितलं नाही. ती भिंगरी म्हटल्यावरही वळून बघत नसे, पण ते त्याला त्या दिवशी फार लागलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, हाही उशिराच बोलला. आता बोलतोय ना?" त्यावर तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. तो फारसा बोलत नसेच.

थेरपीचं केंद्र एका टायरच्या दुकानावर होतं. जिन्यात रबराचा वास यायचा, आणि पहिल्यांदा गेले तेव्हा भिंगरी वर यायलाच तयार नव्हती, कारण खाली एक माणूस चाक फिरवून त्याचा तोल बघत होता. वर थेरपिस्ट बाई होत्या: आखूड केस, गुडघ्यांवर झिजलेली पँट, फरशीवर बसून बसून झिजलेली. त्यांनी भिंगरीशी बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तिच्यापासून हातभर अंतरावर बसून राहिल्या, आणि बराच वेळ नुसतं बघून झाल्यावर म्हणाल्या, "आई, हिला तहान लागली की काय करते?" ती म्हणाली, "ओट्यावर चढते. नाहीतर ओरडते." "तुमच्याकडे येते?" "नाही." "म्हणजे ओरडते ते तुमच्यासाठी नाही. तहानेसाठी ओरडते." हे तिला कधीच सुचलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "बोलणं नंतरचं. पहिलं काम मागणं. माणूस हा उपयोगी प्राणी आहे हे तिला अजून कळलेलं नाही." हे ऐकून ती खळखळून हसली, मग हात धुवून येते म्हणून उठली आणि बेसिनचा नळ सोडून तिथंच उभी राहिली. चार वर्षं ती या पोरीच्या मागं दूध, कपडे, औषधं घेऊन धावत होती, आणि पोरीच्या लेखी ती ओट्यासारखीच होती. ओट्याहून थोडी गैरसोयीची. तरीही त्या वाक्यानं तिला बरं वाटलं होतं, कारण पहिल्यांदाच कुणीतरी कुठून सुरुवात करायची ते सांगितलं होतं. बाईंकडे सकाळची एक जागा रिकामी होती, आणि सकाळी भिंगरी शांत असते. "महिनाअखेरपर्यंत धरून ठेवते," बाई म्हणाल्या. "तेवढं तुमचं विम्याचं बघा." थेरपी आठवड्यातून चारदा हवी होती, दोघांच्या पगारात ती एकदासुद्धा बसत नव्हती.

विम्याचं बघणं हे एक वेगळंच काम निघालं. पॉलिसी तिच्या लॅबची होती, आणि त्यात हे बसतं असं सगळेच म्हणत. पण प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला तरी विचारायला सांगे. एकानं सांगितलं, अहवाल जुना आहे. अहवाल जुना झाला होता तो त्यांच्याच टेबलावर. दुसरा म्हणाला, केंद्राचं नाव यादीत नाही; मग सापडलं, पण स्पेलिंग वेगळं होतं, आणि ते बदलायचा अधिकार त्याला नव्हता. घोडं सगळ्यात जास्त अडलं ते बरं होण्यापाशी. मुलगी फार बिघडलेली आहे असं लिहिलं तर सुधारणेची अपेक्षा नाही, म्हणून पैसे नाहीत. फार नाही असं लिहिलं तर गरज नाही, म्हणून नाहीत. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. तिनं हे एकदा फोनवर बोलून दाखवलं तर पलीकडचा गृहस्थ मनापासून हसला, "बरोबर आहे मॅडम" म्हणाला, आणि दुसऱ्या विभागाला फोन जोडून दिला. शेवटी ठरलं की कंपनीचे स्वतःचे डॉक्टर मुलीला बघतील. थेरपिस्ट बाईंना तिनं हे सांगितलं तेव्हा त्या खेळण्यांचा डबा आवरत होत्या. त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "मी असं सांगू नये. पण त्या दिवशी ती छान वागली ना, तर तुमचं अवघड आहे."

हे वाक्य तिच्या डोक्यात राहायला आलं. लॅबमध्ये नळ्यांवर नावं चिकटवताना, भिंगरीचे केस धुताना, रस्ता ओलांडताना. पोरगी छान वागू नये. घरात ती जेवढी शांत, तेवढी हिला धास्ती वाटू लागली. एकदा भिंगरी तिच्या मांडीला टेकून बसली, नकळतच, उशीला टेकावं तशी, आणि हिच्या मनात आलं की हे त्या खोलीत करू नकोस, बाई. मग स्वतःचीच शिसारी आली. नवरा म्हणाला, "काळजी कशाला करतेस? आपली लेक आहे, ऐन वेळेला घोळ घालणारच." तो गंमत करत होता. डॉक्टरांकडे जायच्या सकाळी मात्र तिनं कपाटाच्या तळातून तो निळा फ्रॉक काढला. नणंदेनं आणलेला, अंगात एकदाच घातलेला. त्याच्या मानेपाशी आतून एक कडक लेबल होतं, नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेलं. भिंगरीच्या बाकी सगळ्या कपड्यांची लेबलं तिनं छोट्या कात्रीनं एकेक टाका उसवून काढली होती, रात्ररात्र जागून, उरलेला धागासुद्धा टोचतो म्हणून चिमट्यानं उपटून. याचं काढलं नव्हतं, कारण पहिल्याच दिवशी तो घालून दुकानात नेलं तेव्हा पोरीनं असा काही आकांत केला होता की लोक पोलीस बोलवायच्या बेतात होते. घरी येऊन तिनं तो फ्रॉक खाली कोंबून टाकला होता. आता तिनं तो झटकला. नवरा दारात बूट घालत होता. "हा?" त्यानं विचारलं. "हा," ती म्हणाली. त्यानं परत लेसकडे मान वळवली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घेऊन गाठ मारली. खालपर्यंत तिघं एकत्र आली, मग तो कामावर गेला. कुठल्यातरी इमारतीत माणसं लिफ्टमध्ये अडकली होती.

डॉक्टर चांगले होते. हेच नंतर तिला फार जड गेलं. कुणी मग्रूर माणूस असता तर त्याच्यावर राग ठेवून मोकळं होता आलं असतं. हे वयस्क होते, थकलेले, आणि भिंगरीला दचकू द्यायचं नाही म्हणून त्यांनी खुर्चीसुद्धा उचलून सरकवली. लाकडी ठोकळे काढले. भिंगरीनं ते बघितले नाहीत. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, खांदे उचलत होती, मान एका बाजूला घेत होती, आणि घशातून तो आवाज सुरू झाला होता जो ओरडण्याच्या आधी येतो. आई खुर्चीत बसून ऐकत होती. आत्ता होईल. हात मांडीवर होते. आता पोरगी खाली पडेल, डोकं आपटेल, आणि डॉक्टर लिहितील, आणि महिनाअखेरच्या आत मंजुरी येईल. हो लवकर, ती मनात म्हणत होती, हो, म्हणजे मला ते लेबल काढता येईल. भिंगरी वळली. तिच्याकडे आली, तिच्या चेहऱ्याकडे नाही बघितलं, हाताकडे बघितलं. मांडीवरचा हात दोन्ही हातांनी उचलला, जड पिशवी उचलावी तसा, थोडासा खाली घसरला तर परत सावरला, आणि आपल्या मानेमागे नेऊन ठेवला. लेबलावर. मग हात सोडून उभी राहिली. वाट बघत.

तिची बोटं, जी दिवसभर परक्या माणसांच्या शिरा शोधतात, त्या छोट्या घामेजल्या मानेवर नुसती पडून होती. हिनं मला मागितलं. ओट्याला नाही, भिंतीला नाही. हिनं मला दुखण्यापाशी नेलं, आणि ते दुखणं मीच तिच्या अंगात घालून आणलं होतं. मग तिनं लेबल धरलं आणि ओढलं. ते टरकन कापडासकट निघालं. भिंगरीनं एक लांब श्वास सोडला आणि ठोकळ्यांकडे गेली. "अरे वा," डॉक्टर म्हणाले. "हे नेहमी करते?" "नाही," ती म्हणाली. आवाज भलतीकडूनच आला. "पहिल्यांदाच. आजवर कधीच नाही." डॉक्टर हसले, आणि त्या हसण्यात होतं की आया असंच म्हणतात; वाईट अर्थानं नाही. "छान झालं. म्हणजे मदत मागते," असं म्हणून त्यांनी पेन उचललं. तिला उठून नाचावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी टेबलावरचा तो कागद तोंडात घालून गिळून टाकावासा वाटत होता.

पत्र आलं ते भिंगरीची सकाळची जागा सुटायच्या बेतात असताना. पाल्य स्वतःच्या गरजा इतरांपर्यंत हेतुपूर्वक पोहोचवू शकते. सबब, सदर उपचार वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नाहीत. नवऱ्यानं ते दोनदा वाचलं. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून त्यानं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं कंपनीला फोन लावला. तीच मुलगी आली. सर्दी गेली होती. "अपील करता येतं मॅडम," ती म्हणाली. "पण डॉक्टरांनी जे बघितलं, ते तसं नव्हतं असं पालकांनी लिहून द्यावं लागेल." "कसं नव्हतं?" "म्हणजे पेशंटनं तुमचा हात धरला, ते मागणं नव्हतं असं." आवाज एकदम खाली गेला, मागे कुणीतरी उभं असावं. "मी सांगू का मॅडम? मी सांगितलं म्हणू नका. 'अजाणता झालेली हालचाल' असं लिहा. ते पास होतं." या मुलीवर चिडावं तर कसं? इतक्या दिवसांत कंपनीतल्या कुणी तिच्यासाठी केलेली ही पहिलीच मदत होती. तिनं "थँक यू" म्हटलं, फोन ठेवला आणि हातातलं पत्र इतकं चुरगळलं की ते नंतर इस्त्री करावं लागलं; अपिलाला मूळ प्रत लागते.

"अगं, लिहून टाक," नवरा म्हणाला. "कागद आहे. कागदाला काय कळतं?" "मला कळतं ना." "बरं, मग मी लिहितो." "तू कसं लिहिणार? तू नव्हतास तिथं." हे बोलायला नको होतं. तो ताटातली भाजी इकडची तिकडे करत राहिला. आतून भिंगरीचं झाकण फिरत असल्याचा आवाज येत होता, फिरायचं, डुगडुगायचं, निजायचं. "नव्हतो," तो म्हणाला. "तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसतो बघ, बातम्या बघत. हात असा मध्ये ठेवून बसतो. म्हटलं, लागला तर घेईल." तिला वाटत होतं तो खरंच बातम्या बघतो. "घेतला?" तिनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. तीसुद्धा तेच करत होती, हे तिनं त्याला सांगितलं नाही. ती तर त्याहून वाईट करत होती: बाटलीची झाकणं घट्ट लावून ठेवत होती, आवडता डबा वरच्या फळीवर सरकवत होती, आणि समोर उभी राहत होती, हात लोंबते सोडून. भिंगरी ओट्यावर चढत होती. नाहीतर ओरडत होती. एकदा झालं ते परत झालंच नव्हतं, आणि जसजसे दिवस जात होते तसतशी ती त्या सकाळबद्दल स्वतःशीच भांडू लागली होती. खरंच उचलला होता का हात? की पोरगी तोल जाऊन धरायला आली, आणि हात आपोआप मागे गेला? आईच ती, तिला काय, दगडातही देव दिसायचा. अपील लिहिताना तिला भीती वाटत होती ती खोटं लिहिण्याची नव्हतीच. लिहिल्यावर ते खरं वाटू लागेल याची होती.

लिहिलं तिनं. लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, रक्ताच्या नळ्या फिरवणाऱ्या यंत्राशेजारच्या ओट्यावर. माझ्या मुलीने तपासणीदरम्यान माझा हात स्वतःच्या मानेकडे नेला, ही अजाणता झालेली हालचाल होती. तिला मदत मागणे असे म्हणता येणार नाही. तिने आजवर कोणाकडेही काहीही मागितलेले नाही. शेवटचं वाक्य तिनं आपणहून घातलं. खोटं बोलायचंच तर अर्धवट कशाला? सही केली, तर ती नेहमीसारखी आली नाही. विमा कंपनीच्या खिडकीवरच्या माणसानं नंतर ती दोनदा ओळखपत्राशी ताडून बघितली. बाहेर बाकावर हात पुढे करून लोक बसले होते. ती गेली, पट्टा घेतला, आणि त्या दुपारी तिची एकही सुई चुकली नाही, याचाही तिला राग आला.

अपील मंजूर झालं. पण मागितल्याच्या निम्मं, आठवड्यातून दोनदाच, आणि पुढच्या तपासणीपर्यंतच. त्या तपासणीत सुधारणा दिसायला हवी होती, नाहीतर उपयोग नाही म्हणून बंद, आणि फार दिसली तर गरज नाही म्हणून. एव्हाना सकाळची जागा दुसऱ्या कुठल्यातरी पोराला गेली होती. तिला त्या पोराच्या आईचाही क्षणभर संताप आला, जिला तिनं कधी बघितलेलं नव्हतं, आणि जी बहुतेक आपल्यासारखीच कुठल्यातरी खुर्चीवर बसून आली होती. यांना मिळाली ती दुपार, भिंगरीची सगळ्यात वाईट वेळ. लॅबमध्ये पाळी बदलून घेतली. नवरा पहिल्या दिवशी मुद्दाम रजा काढून आला. जिन्यात पोरीनं कठडा धरून असा हंबरडा फोडला की टायरवाले वर बघत राहिले. नवऱ्यानं तिला उचललं, तिच्या लाथा पोटावर घेत वर नेलं, आणि दारात उतरवून स्वतः बाहेरच्या खुर्चीत धपकन बसला. "तू जा आत," म्हणाला. "मला आत्ता नको."

आत थेरपिस्ट बाई फरशीवर बसल्या होत्या. भिंगरी रडत रडत कोपऱ्यात गेली. बाईंनी तिला जाऊ दिलं. रडणं ओसरायला वेळ लागला. तोवर बाईंनी मांडीवर पॅड घेतलं आणि हळू आवाजात प्रश्न सुरू केले: झोप कशी, खाणं काय, कुठल्या आवाजाला घाबरते. आज भिंगरी कुठं आहे ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे कुठवर आली ते कळतं. ती उत्तरं देत होती. इतक्या ठिकाणी दिली होती की आता तोंड आपोआप चालत असे. मग बाईंनी विचारलं, "आजवर तिनं कुणाकडे काही मागितलंय?" तिच्या जिभेवर 'नाही' तयारच होतं. ती म्हणाली, "ते आहे की फायलीत. मी लिहून दिलंय." "ते मी वाचलं," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला विचारतेय." कोपऱ्यात भिंगरी कपाळ भिंतीला टेकवून उभी होती, उचक्या देत. दाराच्या काचेतून नवऱ्याचा खांदा दिसत होता. रागानं की कशानं ते कळायच्या आत ती बोलून गेली, "मागितलंय. एकदाच. पण तुम्ही ते लिहू नका, त्यांनी विचारलं तर मला परत पहिल्यापासून सगळं—" "नाही लिहीत," बाई म्हणाल्या. पेनाला टोपण लावून त्यांनी पॅड उपडं ठेवलं आणि बसल्या बसल्याच तिच्या जवळ सरकल्या. "सांगा नीट. घाई नाही. हात कुठला होता?"

इतक्या महिन्यांत तिला कुणी असं काही विचारलं नव्हतं. तिनं मांडीवरचे आपले दोन्ही हात बघितले.

"डावा," ती म्हणाली. "माझा डावा. तिचे दोन्ही."